बरणीतलं खारं पाणी

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात देवमन बाटल्या धुवायचा, आणि धुणाऱ्यानं तोंड बंद ठेवावं असा बोंडे सरांचा दंडक होता. पण सर पोरांना सांगत होते, "पोवळं नितळ समुद्रातच जगतं, गढूळ पाण्यात मरतं," आणि देवमनला राहवलं नाही.

"मरत नाई, सर. सहा डिसेंबरले मुंबईले गेल्तो, तवा वरळीच्या खडकावर जितं पाह्यलं म्या. पानी तर चहावानी काळं."

चार वर्षं कपाटातली मेलेली पोवळी तोच पुसत होता. ओळखणार नाही तर काय? पण पोरं खदखदून हसली आणि सरांचं टाळकं फिरलं.

"अडाणी कुठला! सोमवारी जिवंत आणून दाखव. नाहीतर माफी लिही, विभागाच्या किल्ल्या ठेव आणि चालता हो!"

देवमनही हट्टाला पेटला. रजा टाकून मुंबई गाठली, ओहोटीला चिखलात उतरला आणि पोवळ्यासकट मुठीएवढा दगड तिथल्याच खाऱ्या पाण्याच्या बरणीत घातला. गाडीत वासानं लोकांनी शिव्या घातल्या. त्यानं रात्रभर बरणी मांडीवरून हलवली नाही.

रविवारी सकाळी अमरावतीला घरी येऊन पाहतो तर दगडावरच्या पोवळ्याची तिळाएवढी तोंडं उघडलेली! "आता बोल म्हना, बोंड्या!" असं म्हणून तो जो आडवा झाला, तो दुपारीच उठला.

बरणी कोनाड्यात लखलखत होती. आत नळाचं नितळ पाणी. दगड राखेनं घासून पांढराफटक केलेला.

"माय! हे काय करून ठेवलं तू?"

"काय केलं?" इंदूबाई चुलीपुढून खेकसली. "घान पानी होतं, फेकलं. एवढ्या दुरून आनलं अन् नासक्या पान्यात ठेवतं काय कोनी?"

"मेलं ना ते! माही नौकरी गेली! अडानी कुठली!"

शब्द तोंडातून निघाला आणि त्याचा त्यालाच ऐकू आला. आयुष्यात तो मायला असं बोलला नव्हता. इंदूबाई उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"हाव, अडानीच हाओ मी. दर्यापुराकडच्या खाऱ्या मुलखात जनम गेला माहा. गावची गोड्या पान्याची विहीर आपल्याले बंद, म्हून डबक्यातलं गढूळ पानी पेलो आमी. तुह्या दोन बहिनी त्याच पान्यानं गेल्या. चांगल्या पान्यानं कोनी मरते, हे मले काहून माईत राहीन रे?"

देवमन तिच्या पायाशी बसला आणि "चुकलो, माय," म्हणत ढसाढसा रडला. तिनं बराच वेळ त्याला हात लावला नाही.

सोमवारी त्यानं बरणी सरांच्या टेबलावर ठेवली. सर गालातल्या गालात हसले.

"मेलेलं तर आपल्या कपाटातही आहे. कोणी मारलं हे?"

"आमच्या घरी मेलं. काल सकाळपावतर जितं होतं."

सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. "माफी लिही."

देवमननं कमरेच्या किल्ल्या काढून त्या कागदावर ठेवल्या.

"ज्याइची मागाची होती त्याइची घरी मागून आलो, सर," तो म्हणाला आणि बरणी उचलून बाहेर पडला.