पद्माकररावांचा रेनकोट

भर पावसात उघड्यावर राबणाऱ्या माणसाला कोरडं ठेवणं ही संस्कृतीची पहिली पायरी आहे, असं पद्माकररावांचं ठाम मत होतं. हे मत झालं तेव्हा ते सोफ्यावर आडवे होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं.

उदारीकरणाच्या वाऱ्यात कंपनीने त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली होती. स्वेच्छा कंपनीची होती. आता त्यांच्यापुढे दोनच वाटा उरल्या होत्या. एक म्हणजे कामगारांसाठी रेनकोट शिवण्याचा धंदा. दुसरी म्हणजे तरसालीला धाकट्या मेहुण्याच्या, भास्कररावाच्या एसटीडी बूथमध्ये स्टुलावर बसून लोकांच्या कॉलचं बिल फाडणं. स्टूल भास्कररावाने आधीच पुसून ठेवलं होतं.

पद्माकररावांनी सगळा विचार केला. छत्रीने एक हात अडकतो. घोंगडी भिजली की माणसापेक्षा जड होते. इरलं बडोद्यात मिळत नाही, आणि मिळालं तरी गुजराती मजूर ते कोकणी टोपलं डोक्यावर घेणार नाही. शेवटी सुरतेहून प्लॅस्टिकचा लेप दिलेलं कापड आणून त्यांनी पिवळाजर्द कोट शिवून घेतला.

"पिवळाच का?" त्यांच्या पत्नी नीराताईंनी विचारलं.

"ट्रकवाल्याला लांबून दिसावा म्हणून."

"अहो, ट्रकवाल्याला काय, विमानातून दिसाल."

वाघोडियाला गटारांची कामं करणारे कंत्राटदार हिंमतराव रविवारी नमुना बघायला यायचे होते. पद्माकररावांच्या आजोबांनी संस्थानच्या बांधकाम खात्यात हयात घालवली होती. तेव्हापासून त्या घरात चाचणी घेतल्याशिवाय कुकरची शिटीसुद्धा बदलत नसत. म्हणून बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीच्या अंगणात रीतसर चाचणी ठरली. कोट घालून पद्माकरराव आणि नुसत्या बनियनवर भास्करराव, दोघांनी शेजारी शेजारी खड्डा खणायचा. पावसाने त्या आठवड्यात दडी मारली होती, म्हणून पहिल्या मजल्यावरच्या हसमुखभाईंना पाइप देऊन गॅलरीत उभं केलं.

"चालू करूं, पद्माकरभाई?"

"करा!"

धो धो पाणी आलं. हसमुखभाईंच्या अंगात मेघराजा संचारला. "हवे पवन साथे!" म्हणजे आता वाऱ्यासकट, असं म्हणत ते पाइप आडवा फिरवू लागले. दोरीवरचं अर्ध्या सोसायटीचं धुणं भिजलं. पोरं नाचायला लागली. खुर्चीवर पोहे खात बसलेल्या हिंमतरावांनी बशी पोटाशी धरली.

"भाऊजी, दमलात तर सांगा हं," भास्करराव ओरडला. "स्टुलावर उशी घालून ठेवतो!"

"तू खण!"

कोटाच्या आतून वाफा येऊ लागल्या. पद्माकररावांचा चेहरा आधी गुलाबी आणि मग वांग्याच्या रंगाचा झाला. तेव्हा नीराताईंनीच खेळ थांबवला. मग त्यांनी दोघांची बनियनं दोन स्टीलच्या पेल्यांत पिळली आणि पेले हिंमतरावांपुढे ठेवले. दोन्ही काठोकाठ भरले होते.

"ह्यातलं कोटातलं कुठलं?" हिंमतरावांनी विचारलं.

"चाखून बघा ना," भास्करराव म्हणाला. "खारट लागेल ते भाऊजींचं."

अंगणात हशा पिकला. हसमुखभाईंनी हसता हसता पाइप सोडला आणि तो नागासारखा सगळ्यांच्या अंगावर फिरला. पद्माकरराव मात्र गंभीर होते.

"बाहेरचा एक थेंब आत आलेला नाही," ते धापा टाकत म्हणाले. "हे सगळं माझं स्वतःचं आहे!"

"खरंच ह्यांचंच आहे," नीराताईंनी दुजोरा दिला.

हिंमतराव उठले. त्यांनी कोट उलटा केला, दोन्ही टोकं धरून त्याची झोळी केली आणि नीराताईंना बादलीभर पाणी ओतायला लावलं. झोळी फुगली. खाली टिपूसही पडलं नाही.

"पन्नास द्या."

भास्कररावाचं तोंड उतरलं. नीराताईंनी पदर डोळ्यांना लावला. पद्माकररावांना तर पेलाभर आणखी घाम फुटला.

"उद्याच साइटवर येतो," ते म्हणाले. "तुमच्या माणसांची मापं घ्यायला."

"माणसांची कशाला? माणूस भिजला तर वाळतो. सिमेंट भिजलं की गेलं."

महिनाभरात पन्नास नग वाघोडियाला पोचले. त्यांना बाह्या नव्हत्या.