जखमीची आई

तरणतलावाच्या तिकीटखिडकीत बसणाऱ्या बाईंनी या वयात कॉलेजात नाव घातलं, तेव्हा त्यांच्या भावाने कपाळाला हात लावला. "ताई, गुडघे कुरकुरायला लागले आणि तू आता गुन्हेगारी शिकणार?" गुन्हेगारी नव्हे हो, गुन्हा आणि न्याय. अगदी पहिल्या पायरीचा कोर्स, कुणीही यावं, फी भरावी आणि बसावं. पण भावाला समजावणार कोण? एकदा चेष्टा करायची ठरवली की तो स्वतःच्या बापाचंही ऐकत नसे.

कारण मात्र त्यालाही ठाऊक होतं. बाईंचा एकुलता एक मुलगा तुरुंगात होता. गाडी कुठे लावायची यावरून भांडण, दोन शिव्या, एक धक्का, आणि समोरचा पोरगा जिन्यावरून थेट खाली. जिवावरचं पायांवर निभावलं, असं लोक म्हणाले. लोकांचं काय जातं म्हणायला! बाईंच्या मुलाला चार वर्षांची शिक्षा झाली. बाईंना मनातून खात्री होती, खटल्यात कुठेतरी गफलत झालेली आहे. वकिलाला दिसली नसेल, आईला दिसेल. ती सापडली की अपील, आणि अपील झालं की पोरगं घरी. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

वर्ग भरे दुपारी जेवणं झाल्यावर, वरच्या मजल्यावर. खिडक्यांना निळे पडदे होते, त्यामुळे आत सगळंच निळसर दिसे, माणसांचे हातसुद्धा. शिकवणारे सर पूर्वी तुरुंगाधिकारी होते. "आयुष्यभर कुलपं लावली," ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "आता कुलूप का लावतात ते शिकवतो." त्यांचा आवाज असा खालच्या पट्टीतला की अर्धा वर्ग पेंगायचा. बाईंना झोप येत नसे, पण जागही पुरती राहत नसे. पुरावा, जामीन, हेतू, शंकेचा फायदा, असे शब्द वरून हळूहळू खाली येत आणि बाकावर येऊन बसत. कधी त्यांच्याशेजारी मुलगाही येऊन बसायचा. ओल्या केसांचा, शाळेच्या वयाचा, पाय हलवत. बाई त्याच्याकडे बघायच्या नाहीत. बघितलं की तो जातो, हे त्यांना कळून चुकलं होतं.

हे झालं वर्गातलं. खिडकीतलं दुखणं निराळंच होतं.

बाई कोर्टात एकदाही गेल्या नव्हत्या. पोराला पिंजऱ्यात उभं बघवणार नाही म्हणाल्या आणि भावाला पाठवलं. पुढे एकदा डबा द्यायला आलेला भाऊ खिडकीत वाकून कुजबुजला, "ताई, तीच ती. पडला ना, त्या पोराची आई." डॉक्टरांनी त्या पोराला पाण्यात व्यायाम करायला सांगितलं होतं. दर मंगळवारी मायलेक यायचे. काचेला खाली अर्धगोल भोक होतं, त्यातून तिचा हात आत यायचा, खरखरीत, नखं बारीक कापलेली. बाई मान खाली घालून दोन तिकिटं फाडायच्या आणि हातावर ठेवायच्या. ती म्हणायची, "बरं का, येते." मग काचेपलीकडून काठीचा आवाज, लांब जाणारा, किती तरी वेळ. वर पाण्याचा उजेड छतावर डुलत असायचा आणि बाईंना वाटायचं, आपण खिडकीत नाहीच, आपण तळाशी आहोत, आणि वरून कुणी आपल्याला बघू शकत नाही. त्यात सुख होतं, खोटं कशाला बोला?

एका दुपारी सर म्हणाले, "आज पुस्तक मिटा. आज आपण कोर्ट भरवू." खटला त्यांनी मनानेच रचला होता, बाजारातली मारामारी, एक जखमी, आरोप शाबित झालेला. फक्त शिक्षा सुनवायची बाकी. पोलीस व्हायची स्वप्नं बघणारी एक पोरगी होती, तिला सगळे इन्स्पेक्टर म्हणत. ती धावत जाऊन न्यायाधीशाच्या खुर्चीत बसली. कुणी वकील झालं, कुणी आरोपी. "काही ठिकाणी शिक्षेआधी जखमीच्या घरच्यांचंही ऐकतात," सर म्हणाले. "जखमीची आई कोण होणार?" कुणी हात वर करेना. सरांनी वर्गावर नजर फिरवली. "काकू, या वर्गात आई तुम्हीच एक. या पुढे."

बाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण पाय उठलेले होते. बाकांमधली वाट निळी, लांबच लांब होती. त्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा मुलगा..."

कुठला? क्षणभर काही समजेना. शेजारी तो ओल्या केसांचा बसलेला नव्हता. डोळ्यांसमोर होता तो अर्धगोल भोकातून आलेला हात.

"माझा मुलगा आता आंघोळीला दार उघडं ठेवतो," बाई म्हणाल्या. "पडला तर मला ऐकू यावं म्हणून. पूर्वी कडी लावून मोठमोठ्याने गायचा. मी ओरडायचे, पाणी संपव की घसा संपव, एक काहीतरी कर. आता गात नाही. गाताना तोल जातो म्हणतो." हे कुठून येत होतं, देव जाणे. आवाज त्यांचा होता आणि सांगणारी दुसरीच कुणी होती. "त्याला हाताने धरलेलं आवडत नाही. म्हणून मी त्याच्या मागून चालते. त्याला वाटतं, मी हळू चालते."

"कोर्टाकडे काय मागता?" इन्स्पेक्टरने रुबाबात विचारलं.

"शिक्षा तुम्ही द्यालच. ती देऊन माझ्या घरात काय येणार आहे? मला एवढंच विचारायचंय, त्या मुलाला आई आहे ना? मग ती आहे कुठे? एवढे दिवस झाले, तिने एकदा येऊन तोंड दाखवू नये? माफी नको मला तिची. काही बोलूही नये तिने. नुसतं उभं राहावं आणि माझ्या पोराला चालताना बघावं."

इन्स्पेक्टरने टाळ्या वाजवल्या. "काकू, काय अ‍ॅक्टिंग केलीत हो! काटा आला अंगावर!" सगळेच टाळ्या वाजवू लागले. बाई जागेवर येऊन बसल्या. त्यांना फार लाज वाटत होती, इतकी की मान वर होईना. गफलत शोधायला आल्या होत्या ना? ती सापडली होती, पण तिच्यावर अपील नव्हतं.

मंगळवार आला. मायलेक आले, तिकिटं घेतली, आत गेले. तास सरत आला तशी ती एकटीच बाहेर येऊन कपड्यांच्या कपाटाशी टॉवेल पिळत उभी राहिली. बाईंनी खिडकी बंद केली आणि मागचं दार उघडून त्या बाहेर आल्या. ओल्या फरशीवरून त्या तिच्यापर्यंत गेल्या.

तिने ओळखीचं हसून विचारलं, "काय हो, तिकीट चुकलं का काही?"

पहिल्यांदाच बाईंनी तिचा चेहरा पाहिला. थकलेला, साधा, त्यांच्याच वयाचा.

"मी आई आहे," बाई म्हणाल्या. "ज्याने ढकललं ना, त्याची."

तिचं हसू गेलं. टॉवेल हातात तसाच राहिला आणि त्यातून पाणी गळत राहिलं. ती ओरडेल, हात उगारेल, थुंकेल असं बाईंना वाटलं. तिने काय वाटेल ते करावं, अशी तयारी करून त्या आल्या होत्या.

तिने बाईंचं मनगट धरलं, घट्ट, दुखेल इतकं, आणि त्यांना आतल्या दाराकडे तोंड करून उभं केलं.

"थांबा इथे," ती म्हणाली. "तो येतोय. त्याला वेळ लागतो."

बाई थांबल्या.