गोदाबाईंच्या पाटीचा चोरलेला चेहरा

मित्रांनो, परतवाड्याच्या अलीकडे, अमरावती रस्त्याला लागून गोदाबाईंची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका आहे. तिच्या फाटकावर बावीस वर्षं लटकलेली मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. पेंटरने मला हिरवा रंग दिला, 'गोदाबाई रोपवाटिका' अशी अक्षरं काढली आणि वर दोन संत्री रंगवली. ती जरा भोपळ्यासारखी झाली. शेतकरी जीप थांबवून विचारायचे, "भोपळ्याच्या पाटीवाल्या बाई तुमीच काय?" गोदाबाई हसून मान हलवायच्या.

पुढे माझा रंग उडाला, कडा गंजल्या. आज ना उद्या भंगारात जाणार, या धास्तीत मी दिवस काढत होते. अशात सून आली, प्रणाली. तिने माझा फोटो काढला आणि घाईघाईत सोशल मीडियावर पेज सुरू केलं. एका ठिकाणी नाव 'गोदाबाई रोपवाटिका', दुसरीकडे 'संत्रा नर्सरी परतवाडा'. फोन नंबर नाही, पत्ता नाही, गोदाबाईंचा फोटोही नाही. सगळीकडे फक्त मी. मला मात्र त्याचा केवढा अभिमान वाटला.

दोन महिन्यांनी नांदगाव खंडेश्वरचे केशवराव रोपवाटिकेचा रस्ता विचारत विचारत जीप घेऊन आले. मागे दोनशे कलमं होती. पानं पिवळी, मुळं कुजलेली.

"बाई, तुमच्या पेजवरून मांगवल्या या कलमा. अशा मेलेल्या काहून पाठवल्या?"

गोदाबाईंनी एक कलम उचललं. खोडावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, बसवून बांधला होता ती जागा निरखली. "भाऊ, हा डोया माह्या हातचा नाही."

केशवरावांनी मोबाइल पुढे केला. "मंग हे पाटी कोनाची?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मोबाइलमध्ये मीच होते. तीच गंजलेली कड, तीच संत्री. पण ते पेज प्रणालीचं नव्हतं. कोणीतरी माझा चेहरा उचलून आपलं दुकान मांडलं होतं. माझा पत्रा भर उन्हात गार पडला.

"पाटी उतरव, प्रणाली," गोदाबाई घाबरून म्हणाल्या. "तिच्यापायी लोक आपल्याले मारतीन."

प्रणालीने मला काढून भिंतीकडे तोंड करून ठेवलं. आता मला फक्त ऐकू येत होतं.

"भाऊ, त्या पेजवरच्या नंबरवर माह्यासमोर फोन लावा," ती म्हणाली. "स्पीकर चालू ठेवा."

केशवरावांनी फोन लावला. "गोदाबाई हायेत काय?"

पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "गोदाबाई मागच्या वर्षी वारल्या ना. आता धंदा आम्हीच पाहतो."

गोदाबाई फोनजवळ येऊन बोलल्या.

"मी गोदाबाई बोलून राहिली."

फोन कटला. पुन्हा लागलाच नाही.

"माफ करा बाई," केशवराव म्हणाले. प्रणालीसोबत जाऊन त्यांनीच पोलिसांत तक्रार दिली.

प्रणालीने पेज नव्याने मांडलं. सगळीकडे एकच नाव, एकच हिरवा रंग, चालू फोन नंबर, यायचा रस्ता. मुख्य फोटोत डोळा बांधणाऱ्या गोदाबाई, मागे अर्धीमुर्धी मी. ते खोटं पेज अकरा दिवसांनी बंद झालं. महिन्याभराने अकोल्याचा पत्ता टाकलेलं दुसरं निघालं. माझ्याच जुन्या फोटोचं. त्याचीही तक्रार केली आहे.

गोदाबाई आता रोज सकाळी चहाआधी सुनेला विचारतात, "पाह्य बरं पोरी, मी कुठं पुन्हा मेली तं नाही?"

मला परत फाटकावर लावलं आहे. पण कोणी गाडी थांबवून मोबाइल वर धरला की माझा पत्रा थरथरतो. हा पत्ता टिपतो आहे की माझा चेहरा नेतो आहे, मला कसं कळावं? मित्रांनो, माझ्यासारखीला ओरडता येत नाही. म्हणून आपलं नाव चार लोकांपुढे मांडाल, तर ते अर्धवट मांडू नका. आणि मांडून झालं की त्याच्याकडे पाठ फिरवू नका.