काशानच्या पहलवानाची उजवी मांडी

मित्रांनो, मी इराणातल्या काशानच्या नुसरत पहलवानाची उजवी मांडी आहे. वय अठ्ठ्याहत्तर. एके काळी माझ्यावर दोन गडी उभे राहत. हे मी स्वतःच सांगते, कारण पाहणारे फारसे उरले नाहीत.

मला घडवले जोरखान्याने, म्हणजे आमच्याकडच्या तालमीने. कमरेइतक्या खोल हौद्यात उतरून नुसरत मुद्गल फिरवी आणि बैठका मारी. वर बसून मुर्शिद, म्हणजे ताल धरणारा तालमीचा गुरू, ढोल वाजवी. नामांकित पहलवान दारातून आला की तो घंटा वाजवी, आणि नुसरत तिसाव्या वर्षीच त्या घंटेचा मानकरी झाला. श्रेय कोणाचे, ते मी सांगायला नको.

एक गुपित सांगते. माझे बांधकाम कधीच पुरे होत नाही. रोज थोडी पडझड, रोज थोडी डागडुजी. खाण्यातली प्रथिने हा तिचा माल आणि मेहनत म्हणजे गवंड्यांना मारलेली हाक. तरुणपणी हाक मारायचा अवकाश, गवंडी हजर! म्हातारपणी त्यांना कमी ऐकू येते. हाक मोठी लागते, मालही जास्त लागतो. नेमकी तेव्हाच आमच्या माणसांनी दोन्ही गोष्टींत काटछाट केली, आणि तीही प्रेमापोटी.

जोरखान्यात नुसरतला मुर्शिदशेजारी बसवू लागले. "बसा पहलवान, तुम्ही नुसते असलात तरी पुष्कळ आहे." घरी सून तूबा मडक्यात मटण आणि चणे शिजवी. रस्सा वेगळा काढायचा, उरलेले कुटून गोळा करायचा, ही आमची रीत. तूबा गोळा तरण्यांना वाढी आणि सासऱ्यापुढे रस्सा ठेवी. "आगाजान, हा घ्या. सगळी ताकद यातच उतरते." नुसरतलाही ते खरे वाटे.

मग हिवाळ्यात तो पायरीवरून घसरला आणि सहा आठवडे अंथरुणाला खिळला. मी भराभर वाळले. गालिच्यावर बसलेल्या माझ्या धन्याला उठवायला दोन माणसे लागू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

एके दिवशी तो म्हणाला, "तूबा, माझे मुद्गल जोरखान्याला देऊन टाक. ज्या हौद्यातून मला आपल्या पायांनी वर येता येत नाही, त्यात मी उतरणार नाही."

नात शकूफे इस्पितळात रोग्यांकडून व्यायाम करून घेई. ती उसळून म्हणाली, "आई, ताकद मडक्याच्या तळाशी राहिली आणि तू आगाजानना नुसतं पाणी पाजतेस!"

"अगं, या वयात मटण जड जाईल त्यांना."

"जड मटण नाही जात, उठणं जातंय!"

दुसऱ्या दिवसापासून सकाळी अंडी, दुपारी दही, रात्री गोळा. आणि स्टुलावरून हात न टेकता उठबस.

"आगाजान, दहा वेळा."

"पोरी, मी दिवसाला हजार बैठका मारायचो!"

"मग दहाला कशाला रडताय?"

पहिल्या दिवशी चार झाल्या. मी रात्रभर ठणकत होते, पण आत गवंडी कामाला लागले होते. महिन्याने शकूफेने नुसरतच्या हातात तांदळाची पिशवी दिली. पुढे ती पिशवी मोठी होत गेली. मी पूर्वीसारखी झाले नाही, खोटे कशाला बोलू? पण मी पुन्हा कामाची झाले.

शरदात नुसरत जोरखान्यात गेला. हौद्यात उतरून त्याने जमिनीला हात लावून तो कपाळी नेला. थोडा वेळ हलके मुद्गल फिरवले आणि तो काठाशी आला. चार हात पुढे आले.

"हात आवरा," नुसरत म्हणाला. "हात देऊन देऊनच म्हातारा केलात मला."

त्याने उजवा पाय काठावर ठेवला. सारा भार माझ्यावर आला. मी थरथरले. क्षणभर वाटले, आता धनी पडतो. पण मी हटले नाही. नुसरत वर उभा राहिला.

आणि घंटा वाजली.

"मुर्शिद, बाहेर निघालेल्यासाठी घंटा?" कोणीतरी विचारले.

"निघालाय कोण?" मुर्शिद म्हणाला. "पहलवान परत आलाय."

सगळ्यांना वाटले, ती घंटा नुसरतसाठी होती. खरी मानकरी कोण, ते मला ठाऊक.

मित्रांनो, घरातले म्हातारे माणूस उठू लागले तर जवळ उभे राहा, पण हात द्यायची घाई करू नका. आणि त्याच्या ताटात तळाचेही वाढा.

त्या संध्याकाळी तूबाने सगळा गोळा नुसरतपुढे ठेवला आणि स्वतः रश्श्याचा वाडगा घेतला. नुसरतने अर्धा गोळा तिच्या ताटात सरकवला.

"सूनबाई, तूही पन्नाशी ओलांडलीस. रस्सा पुरे झाला."