अल्माबाईंची पक्कड आणि दोन डबे

मित्रांनो, मी एक जुनी पक्कड आहे. खिळे उपटणारी नव्हे, उडालेली काडतुसं पुन्हा भरणारी. दिसायला थेट अडकित्त्यासारखी. दोन लांब दांडे आणि तोंडाशी साचा बसवायची जागा. एका साच्यानं रिकाम्या पितळी पुंगळीची मान आवळायची, दुसऱ्यानं तिच्यात नवी गोळी बसवायची. मला वीज लागत नाही, टेबल लागत नाही. दोन हात आणि एक शांत डोकं लागतं, आणि ते दुसरं सगळ्यांकडे असतंच असं नाही.

अल्मा हाउगेन यांच्याकडे मात्र ते होतं. लग्न झालं त्या वर्षी त्या आणि त्यांचे यजमान टोरवाल्ड गावातल्या दुकानात गेले. टोरवाल्डची नजर टेबलाला ठोकायच्या भल्यामोठ्या यंत्रावर होती. अल्माबाई म्हणाल्या, "त्या धुडासाठी मी जेवणाचं टेबल द्यायची नाही. खोगिराच्या पिशवीत मावेल असं काहीतरी बघ." तेवढ्यात त्यांनी मला उचललं, दांडे दोनदा मिटले आणि हसल्या. त्या हसण्यावर मी आजवर जगत आले आहे.

दोघांच्या बंदुका एकाच जातीच्या, सेकंडहँड घेतलेल्या. त्यांची काडतुसं पुढे दुकानातून हद्दपार झाली, म्हणून घरी भरण्यावाचून इलाज नव्हता. टोरवाल्डला शिकारीचा नाद दांडगा, पण धीर कमी. दोघांचीही काडतुसं अल्माबाईच भरायच्या. चुलीपासून दूर बसायच्या, रेडिओ बंद करायच्या, काडतुसात भरायची बंदुकीची दारू तराजूवर तोलायच्या, आणि तोवर कुणी बोललं तर नुसतं बोट वर करायच्या. तो बोट वर असलेला हात मी कधी थरथरताना पाहिला नाही.

त्या घरात एक नियम होता. अल्माबाईंच्या पुंगळ्या निळ्या कॉफीच्या डब्यात, टोरवाल्डच्या लाल डब्यात. कारण पुंगळी एकदा बंदुकीत उडाली की फुगून त्या बंदुकीच्या पोटाचा आकार घेते. मी फक्त तिची मान आवळते, अंगाला हात लावत नाही. म्हणून ती आपल्या बंदुकीत सुखानं बसते आणि परक्या बंदुकीत अडून बसू शकते.

मग टोरवाल्ड गेले. त्यांची बंदूक लेकीकडे, सोलवेगकडे गेली. अल्माबाईंनी कुरणं विकली आणि नदीकाठच्या छोट्या ट्रेलर-घरात राहायला आल्या. सामान हलवायला जावई वेंडेल आला होता. माणूस मनानं चांगला, पण हातात घेतलेलं काम संपवण्याची भारी घाई.

"सासूबाई, ही पक्कड टाका आता," तो म्हणाला. "हातातच धरायचं नवीन यंत्र मिळतं. अख्खी पुंगळी दाबून काढतं."

"चांगलंच असणार ते," अल्माबाई म्हणाल्या. "पण त्याला तुझ्यासारखे दंड लागतात, जावईबापू. माझ्या मनगटांचं हिच्याशी जमतं."

शिकारीचा हंगाम जवळ आला. एल्क, म्हणजे आमच्याकडचं थोराड सांबर. एक मिळालं की हिवाळाभर घरात मांसाची ददात नसते. अल्माबाईंकडे परवाना होता आणि फ्रीजर रिकामा होता. त्यांनी मला बाहेर काढलं, तेल पुसलं, वेंडेलनं बांधून दिलेल्या पिशवीतून पुंगळ्या घेतल्या, आणि आम्ही दोघी पूर्वीसारख्या कामाला लागलो. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी घरामागे, बंदुकीचं तोंड मातीच्या उताराकडे धरून त्या एकेक काडतूस घालून पाहू लागल्या. पहिलं बसलं. दुसऱ्याला बंदुकीची खीळ, म्हणजे काडतुसामागे बंद होणारा दांडा, मिटेना. तिसऱ्यालाही मिटेना. वेंडेल शेजारी उभा होता.

"पक्कड झिजलीय," तो म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं? नाहीतर या वयात हात जरा..."

अल्माबाईंनी मला गुंडाळून पिशवीत घातलं. "हात चुकला असेल," त्या हळूच म्हणाल्या. "दारूचा खेळ आहे. चुकणाऱ्या हातानं तो खेळू नये. परवाना परत करते." मित्रांनो, माझ्यावर ठपका आला त्याचं मला वाईट वाटलं नाही. पण त्या स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसल्या, ते मला पाहवेना.

संध्याकाळी सोलवेग आली, वडिलांची बंदूक घेऊन. तिनं झाला प्रकार ऐकला आणि आईला पुन्हा उताराकडे नेलं. वेंडेलही मागोमाग आला. अडलेलं एक काडतूस तिनं वडिलांच्या बंदुकीत सरकवलं. खीळ लोण्यातून सुरी जावी तशी मिटली. दुसरं घातलं, तेही तसंच.

"आई, ही बाबांची आहेत."

अल्माबाईंनी मान वळवली. "वेंडेल, माझे डबे कुठायत? लाल डबा बंदुकीबरोबर सोलवेगकडे गेला असंच मी समजत होते."

वेंडेलनं कान खाजवला. "दोन दोन डबे कशाला, म्हणून मी... एकाच पिशवीत ओतलं. आतलं सगळं सारखंच दिसत होतं."

"सारखंच दिसतं रे," अल्माबाई म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत. मातीतच बसल्या आणि अडलेली काडतुसं एकेक करून ओंजळीत घेतली. "बघ गं सोलवेग, माझा हात चुकला नव्हता. ही तुझ्या बाबांच्या बंदुकीला विसरलेली नाहीत, एवढंच." मग त्या रडल्या, आणि रडता रडता हसल्याही.

त्या हंगामात मायलेकी दोघी डोंगरावर गेल्या. एल्क अल्माबाईंनीच पाडलं, एका गोळीत. खोगिराच्या पिशवीतून मी तो आवाज ऐकला आणि माझे दांडे अभिमानानं ताठ झाले. परतल्यावर पाहते तर ओट्यावर दोन नवे डबे, एक निळा आणि एक लाल. वेंडेलनं आणून ठेवलेले.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. काम झालं की मला कोरडं पुसा, तेलाचं बोट लावा. आणि घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला 'आता तुम्हाला जमत नाही' असं म्हणण्याआधी, त्यांचे डबे कुणी ओतले तेवढं विचारून घ्या.