पुदिन्याचा हयातीचा दाखला

आमच्या धंद्याचा मालक पुदिना आहे. हे मी गमतीने सांगत नाही. परवान्यावर तसं छापलंय, त्यावर गोल शिक्का आहे, आणि शिक्क्याशेजारी पासपोर्ट आकाराचा फोटो आहे. फोटोत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातला पुदिना. दोन्ही कान दिसले पाहिजेत अशी अट होती, म्हणून दोन पानं मुद्दाम बाजूला करून घेतली होती.

हा माझ्या दादाचा प्रताप. दादा खोटं बोलत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, काय भाग्यवान बहीण! त्या भाग्यवान बहिणीला विचारा. आम्ही औषधी पाल्याची मिश्रणं करून विकतो. जग त्याला हर्बल चहा म्हणतं, पण आमच्या पुड्यांवर 'चहा' हा शब्दच नाही, कारण त्यात चहाची पत्ती नसते. आमच्या पुडीवर लिहिलेलं असतं: 'गरम पाण्यात घालायचा पाला.' खाली बारीक अक्षरात: 'सेंद्रिय. दर मंगळवारी शेजारचे गुलाबावर काहीतरी फवारतात, त्या दिवशी आम्ही खिडकी लावून घेतो.' तरी लोक घेतात. लोकांचं काही सांगता येत नाही.

मिश्रणं मी करते. बावीस वर्षं. घशाचा पाला म्हणजे ज्येष्ठमध, आलं आणि तुळस. पोटाचा म्हणजे बडीशेप, ओवा आणि पुदिना. झोपेचा म्हणजे गुलाबपाकळ्या, ब्राह्मी आणि नखाएवढं जायफळ. जायफळ जास्त झालं तर माणूस दुसऱ्या दिवशीही ऑफिसला जात नाही. एक रागाचाही आहे, वाळा आणि जास्वंदीचा. तो मी रोज पिते. उपयोग काय होतो ते तुम्ही बघताच आहात.

तर परवान्याचा अर्ज. त्यात रकाना होता: 'धंद्यात सर्वांत आधीपासून असलेला सभासद. यांच्याच नावे परवाना निघेल.' दुसऱ्या कोणीही स्वतःचं नाव लिहिलं असतं, नाहीतर बहिणीचं. दादाने दोन दिवस विचार केला. धंदा सुरू केला आईने, पण आई तेव्हा नव्हती. आईने पहिल्यांदा कोणाला पाला दिला तो शेजारच्या काकूंच्या पोटदुखीवर, स्वतः लावलेल्या पुदिन्याचा. तोच पुदिना, त्याच डब्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीत. म्हणून दादाने लिहिलं, 'पुदिना'. वय लिहिलं. आईचं नाव या रकान्यात लिहिलं, 'पुदिना (आधीचा)'. स्त्री की पुरुष हा रकाना सोडला, कारण त्याला खात्री नव्हती.

कार्यालयाने फक्त तो रिकामा रकाना भरून मागितला. बाकी सगळं मंजूर झालं.

मी तेव्हा तीन दिवस दादाशी बोलले नाही. चौथ्या दिवशी म्हटलं, "दादा, नाव बदलून घे." त्याने नियमावली पुढे केली. मालकाचं नाव मालक हयात असेपर्यंत बदलता येत नाही. आणि मालक हयात आहे हे दरवर्षी कार्यालयात समक्ष दाखवावं लागतं.

तेव्हापासून वर्षातून एकदा आम्ही पुदिन्याला घेऊन जातो. रांगेत उभं राहायचं, आपला नंबर आला की डबा खुर्चीत ठेवायचा. खुर्ची मालकासाठी, आम्ही उभे. कारकून फायलीतला फोटो बाहेर काढून एकदा फोटोकडे, एकदा डब्याकडे बघतो. "यंदा जरा भरलेत," असं एकदा म्हणाला होता. मग अंगठा. एक शेंडा खुडायचा, त्याचं पान शाईच्या पॅडवर दाबायचं आणि कागदावर उमटवायचं. उरलेला देठ मी हातात धरून उभी राहायचे. "ठेवा तिथेच," म्हणून कारकून टेबलाच्या कडेला बोट दाखवायचा, कारण केराची टोपली नेहमी भरलेली असायची.

अशी नऊ वर्षं गेली. मालकाच्या नावाने पत्रं येत. 'माननीय पुदिना यांस.' मी ती उघडायची, मीच उत्तरं लिहायची, आणि खाली मालकाच्या वतीने सही करायची तर दादा म्हणायचा, "तुला तो अधिकार नाही. पान उमटव." बावीस वर्षं हातांना ओव्याचा आणि बडीशेपेचा वास लावून घेतला, पण माझं नाव एका कागदावर नाही. मला ते हवं होतं. उगाच कशाला लपवू? एका कागदावर, शिक्क्याखाली, माझं पूर्ण नाव. बाकी मला काही नको होतं.

यंदा दाखल्याची तारीख शुक्रवारी होती. सोमवारी पाणी घालायला तांब्या घेतला आणि माझ्या मनात आलं, मालक हयात असेपर्यंत. फक्त असेपर्यंत. मी तांब्या खाली ठेवला.

त्या आठवड्यात ऊन असं होतं की खिडकीची कडी हाताला चटका द्यायची. मंगळवारी पुदिन्याने मान टाकली. बुधवारी कडा करपल्या. गुरुवारी मी खिडकीकडे पाठ करून काम केलं आणि रागाच्या पाल्याचे चार कप प्यायले. ते आईने लावलेलं रोप होतं. आई संध्याकाळी त्याला पाणी घालताना त्याच्याशी बोलायची, आमच्याशी बोलायची त्यापेक्षा गोड. मला लाज वाटत होती, आणि मी तरीही पाणी घालत नव्हते.

शुक्रवारी सकाळी डब्यात काड्या होत्या. दादाने डबा पिशवीत ठेवला. बसमध्ये तो म्हणाला, "चार दिवस पाणी घातलं नाहीस."

"तुला माहीत होतं?"

"मी मोजत होतो."

"मग तू का नाही घातलंस?"

"पाणी घालणं तुझं काम. तसं ठरलंय." मग म्हणाला, "मला वाटलं, आज घालशील. रोज वाटलं."

कार्यालयात आमच्या पुढे एक आजोबा होते. कारकून त्यांना सांगत होता की तुम्ही फोटोतल्यासारखे दिसत नाही. आजोबा म्हणाले, "फोटो वीस वर्षांपूर्वीचा आहे हो." कारकून म्हणाला, "मग वीस वर्षांपूर्वी यायचं होतं." आजोबा नवा फोटो काढायला गेले. आमचा नंबर आला. दादाने डबा खुर्चीत ठेवला.

कारकून उभा राहिला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. "यांना काय झालं?"

"पाणी मिळालं नाही," दादा म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही, पण खोटंही बोलला नाही.

मी काडीला चिकटून राहिलेलं एक वाळलेलं पान शाईवर दाबलं. त्याचा भुगा झाला. कागदावर उमटला तो नुसता डाग. कारकुनाने डागाकडे बघून मान हलवली, हळू आवाजात "फार वाईट झालं" म्हणाला आणि लाल पेनाने 'मयत' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग कपाटातून दुसरा अर्ज काढला. "मयतानंतर धंद्यात सर्वांत आधीपासूनचं कोण?"

मी पदर सारखा केला.

"किटली," दादा म्हणाला.

"दादा!"

"पुदिन्यानंतर किटली आली. मग तागडी. मग ती मोठी चाळण. मग खलबत्ता, मग पिंप, मग..."

"साहेब, निर्जीव चालणार नाही," कारकून म्हणाला. "हयातीच्या दाखल्याला आधी हयात लागते. पुढच्या वर्षी किटली आणाल, तेव्हा मी काय तपासू?"

दादाला हे पटलं. त्याने बोटांवर मोजत एकेक खोडलं. "मग ही. आठवी. माझ्या एक वर्ष आधी कामाला लागली. मी नववा."

मी इतकी वर्षं समजत होते की दादा स्वतःला माझ्या वर धरतो. विचारलं मात्र कधीच नव्हतं.

"ताई, पूर्ण नाव सांगा," कारकून म्हणाला. त्याने निळं पेन उघडलं आणि जागा करायला टेबलावरचा फायलींचा गठ्ठा बाजूला सरकवला.

आणि मला वास आला.

पुदिना सगळ्यांना सारखाच वाटतो. आमच्या पुदिन्याला मागून किंचित मिऱ्यासारखा झटका आहे. दुसऱ्या कुठल्याच पुदिन्याला तो नाही, मी बाजारातल्या शेकडो जुड्या हुंगल्यात. फायलींच्या मागे खिडकीत काचेचा पेला होता, पेल्यात पाणी, पाण्यात पांढऱ्या मुळ्यांचं जाळं, आणि वर हिरवागार, टवटवीत, फोटोतल्यापेक्षाही भरलेला आमचा मालक.

दादाला कसलाच वास आला नाही. त्याला फिनेलमधला आणि दवण्यातला फरक कळत नाही. कारकुनाच्या पेनाचं टोक कागदावर टेकलं होतं. मी गप्प राहिले असते तर कोणाला कधीच कळलं नसतं. पुढच्या वर्षी खुर्चीत मी बसले असते.

"ताई, नाव."

"थांबा," मी म्हटलं. "मालक तिकडे आहेत."

कारकून लाल झाला. "ते होय... तुम्ही देठ टाकून जायचात. मी पाण्यात ठेवला. चांगला जीव, कचऱ्यात कशाला टाकायचा? दुपारी दोन पानं गरम पाण्यात घेतो. दोनच." मग तो एकदम सावध झाला. "पण हे तेच कशावरून? फांदी म्हणजे मूल झालं. मुलाला वारसाचा दाखला लागतो."

"फांदी म्हणजे तेच झाड," मी म्हटलं. "बी लावलं तर मूल. फांदी लावली तर तोच तो. दुसऱ्या ठिकाणी राहायला गेलेला."

"साहेब?" कारकुनाने दादाकडे बघितलं. आमच्या दादाची कीर्ती त्या कार्यालयात होती. तो म्हणेल ते लिहायचं, हे ठरलेलं.

दादाने पेला हातात घेतला, हुंगला, परत ठेवला. "मला सांगता येणार नाही. पाल्यातलं हिला कळतं." मग यादी पुरी करावी तसं म्हणाला, "माझ्यापेक्षा जास्त. आईपेक्षाही जास्त."

मला रडू आलं. तोंड फिरवायला तिथे जागा नव्हती, मागे रांग होती, म्हणून मी पुदिन्याकडे तोंड केलं. हा माणूस खोटं बोलत नाही, हे मी आयुष्यभर शिव्या देत सांगत आले होते.

कारकुनाने 'मयत' खोडलं. पेल्यातलं एक पान घेऊन अंगठा उमटवला; शिरा न् शिरा उठली. मग त्याने अर्ज उलटा केला. मागच्या बाजूला एक रकाना होता, तो नऊ वर्षांत कधी लागलाच नव्हता: मालक समक्ष ओळखता न आल्यास, ओळख पटवणाऱ्याचं पूर्ण नाव.

मी सांगितलं. त्याने निळ्या शाईत लिहिलं. दोनदा विचारून घेतलं, चुकू नये म्हणून. शिक्का मारला, तो अर्धा माझ्या नावावर आला.

"पेला ऑफिसचा आहे, सोमवारी परत आणा," तो म्हणाला. "आणि एक देठ ठेवून जा. हं, एक राहिलं. तुमचं मालकाशी नातं?"

मी दादाकडे बघितलं. नोकर म्हणावं, तर ते खरं होतं. मारेकरी म्हणावं, तर तेही जवळजवळ खरंच होतं. मी पेला दोन्ही हातांत धरला होता, पाणी सांडू नये म्हणून.

"बहीण," मी म्हटलं. "एकाच आईच्या हातची."

कारकुनाने पेन तसंच धरून दादाकडे बघितलं. मागची रांग खोळंबली होती. दादाने बराच वेळ विचार केला.

"लिहा," तो म्हणाला. "खोटं नाही."