देवाच्या खोलीतली खोकी

माझी रोजची दोन व्रतं आहेत. सकाळी उठल्यापासून नऊ वाजेपर्यंत मी बोलत नाही. आणि दिवसभरात ज्या माणसाचा सगळ्यात जास्त राग आला असेल, त्याच्याबद्दल दिवेलागणीला देवासमोर एक तरी चांगला शब्द बोलते. पहिलं व्रत सोपं आहे. दुसरं मात्र माझ्या धाकट्या जावेनं निसर्ग वाचवायचं मनावर घेतल्यापासून फार अवघड झालंय.

आम्ही दोघी जावा एकाच घरात राहतो. चार खोल्या, एक स्वयंपाकघर, आणि मागच्या बाजूला माझी देवाची खोली. खोली म्हणजे काय, एक चटई, एक पाट आणि एक खिडकी. धाकटीनं निसर्गाची सुरुवात स्वयंपाकघरापासून केली. वीस वर्षं वापरातले प्लॅस्टिकचे डबे तिनं एका दुपारी बाहेर काढले. त्यातला एकही फुटलेला नव्हता. मी म्हटलं, "अगं, वापरातले आहेत ते."

"ताई, प्लॅस्टिक आहे ते. पृथ्वीवर पाचशे वर्षं राहतं."

"मग आपल्याकडेच राहू दे की अजून थोडी वर्षं."

ती हसली. मोठ्या जावेला हसावं तसं, वरच्या ओठानं. डबे गेले आणि त्यांच्या जागी काचेच्या बरण्या आल्या. प्रत्येक बरणी वेगळ्या खोक्यात, खोक्यात कागदाचं भुसकट, भुसकटात आणखी एक खोकं. त्या दिवशी देवासमोर मी म्हटलं, बरण्या दिसायला छान आहेत.

मग बांबूचे ब्रश आले. समुद्रापलीकडून आले, विमानानं. स्टीलच्या नळ्या आल्या, आमच्या घरात नळीनं कुणी काही पीत नाही तरी. कापडी पिशव्या इतक्या आल्या की त्या ठेवायला एक मोठी पिशवी घ्यावी लागली. सुट्टं धान्य मिळणारं एक दुकान तिनं शोधून काढलं, तिथे भावोजी दर रविवारी गाडी काढून जायचे. जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस, आणि पिशवीत दोन मुठी तीळ. खालच्या दुकानातून पायी आणले असते तर पाच मिनिटांत आले असते, पण मग ते पुडीत आले असते.

विजेचा नियमही निघाला. मधल्या वाटेतला दिवा बंद. आमच्या ह्यांचा पायाचा अंगठा त्या अंधारात दोनदा ठेचला. हे म्हणाले, "असू दे, पृथ्वीसाठी ठेचलाय." धाकटीच्या खोलीत मात्र भर उन्हाळ्यात गारवा इतका, की दोघं रजई ओढून झोपायची. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिच्याकडे त्याचंही उत्तर असतं, आणि उत्तरासोबत एखादी वस्तू मागवली गेली असती.

मी भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना घालते, ह्यांच्या जुन्या सदऱ्यांची फडकी करते. आईकडे असंच होतं, सासूबाईंकडेही. त्याला मी कधी नाव दिलं नाही. धाकटीनं दिलं. माझ्या फडक्याचा फोटो काढून तिनं कुठे कुठे पाठवला. "आमच्या घरी आम्ही जुने कपडे पुन्हा वापरतो." फडकं माझं, सदरा ह्यांचा, आणि "आम्ही" ती. दिवेलागणीला मी म्हटलं, तिला फोटो सरळ काढता येतो.

इथपर्यंत सगळं घरातल्या घरात होतं. मग इमारतीत स्पर्धा जाहीर झाली. महिनाभर ज्या घरातून सगळ्यात कमी कचरा निघेल ते घर आदर्श घर. आणि सेक्रेटरींनी त्यात स्वतःची भर घातली: आदर्श घराची योजना पुढे सगळ्या इमारतीला लागू करायची. धाकटीची योजना तयारच होती. कचऱ्याचं खत करणारं मोठं यंत्र आणायचं, विजेवर चालणारं. जागाही तिनं ठरवली होती. जिन्याखालची खोली.

जिन्याखालच्या खोलीत मावशी राहते. अकरा वर्षं राहते. जिना झाडते, दारोदारचा कचरा नेते, ओला-सुका हातानं वेगळा करते. खोलीत एक खाट, एक शेगडी, आणि खिडकीला जाळी, जी तिनं कुणाच्या तरी टाकलेल्या चाळणीतून बनवली आहे. तिच्याकडे टाकून दिलेली नाही अशी वस्तू मला आठवत नाही. तिच्याकडून महिन्याला जेवढा कचरा निघतो तेवढा आमच्याकडून चहाच्या वेळेपर्यंत निघतो. पण स्पर्धा घरांची होती, आणि जिन्याखालच्या खोलीला कुणी घर म्हणत नव्हतं.

"आणि मावशी कुठे जाणार?" मी विचारलं.

"होईल की तिची सोय कुठेतरी," धाकटी म्हणाली. "ताई, आपण मोठा विचार करायला हवा."

कचरा मोजायचं काम मावशीकडेच होतं. रोज साडेआठला ती आकड्याचा वजनकाटा घेऊन दारात यायची, पिशवी आकड्याला लावायची आणि दारावरच्या कागदावर वजन लिहायची. म्हणजे स्वतःला खोलीबाहेर काढणारा कागद ती स्वतःच्या हातानं भरत होती. तिला ते माहीत होतं. तिनं एका दिवशीही काटा खाली धरला नाही की वर धरला नाही.

पहिल्याच आठवड्यात धाकटी एक खोकं घेऊन माझ्या खोलीत आली. "ताई, हे थोडे दिवस इथे ठेवते हं. हा कचरा नाही, पुढे द्यायचाय पुनर्वापराला."

"मग आज दे की मावशीला."

"आज दिलं तर वजनात धरतील."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "ठेवू दे ना. एक खोकं तर आहे."

एकाची चार झाली, चाराची अकरा. स्पर्धा जिंकायला लागणाऱ्या वस्तू मागवायलाच तिनं सर्वांत जास्त खोकी आणली. घरातल्या घरात खत करायची बादली आली, ती चालेना म्हणून दुसरी आली. कचरा मोजायचा स्वतःचा काटा आला. महिना संपत आला तेव्हा माझ्या पाठीमागे भिंतीला लागून एकतीस खोकी रचलेली होती आणि त्यावर एक पांढरी चादर. मी रोज पहाटे देवाकडे तोंड आणि खोक्यांकडे पाठ करून बसायची. पाठीला ती दिसत होती.

मावशीनं एकदा विचारलं, दहाच्या सुमारास, म्हणजे मला बोलता येत होतं. "ताई, तुमच्याकडचा पुठ्ठा हल्ली येत नाही?"

"नाही येत खरा," मी म्हणाले.

खोटं बोलले नाही, असं संध्याकाळी मी देवाला सांगितलं. देव काही बोलला नाही. त्याचंही मौन असावं. त्या दिवशी राग धाकटीचा नव्हता आला, माझाच आला होता, आणि स्वतःबद्दल चांगला शब्द काही सापडेना. शेवटी म्हटलं, आवाज मऊ आहे. मऊ आवाजाच्या बाईला कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही, एवढा तिला फायदा.

महिना संपला. भरलेल्या कागदांत सगळ्यात कमी वजन आमचं. शेवटच्या दिवशी बाहेरून एक तपासनीस बाई घर बघायला येणार होत्या. धाकटीनं वेळ ठरवली सकाळी साडेआठची. मला वाटलं, भावोजींच्या सोयीसाठी असेल. मग स्वयंपाकघरातून तिचं बोलणं ऐकू आलं. "साडेआठच बरं. ताई नऊपर्यंत बोलतच नाहीत."

माझ्या मौनाचा इतका पक्का हिशोब मी स्वतःसुद्धा कधी केला नव्हता.

तपासनीस बाई आल्या. बारीक, चष्मा लावलेल्या, हातात वही. बरोबर सेक्रेटरी, दारात काटा घेऊन मावशी. मी माझ्या खोलीत दार लोटून चटईवर बसलेली. सगळं ऐकू येत होतं. बरण्या दाखवून झाल्या, बादल्या दाखवून झाल्या, ह्यांच्या सदऱ्याचं फडकं दाखवून झालं.

"आणि ही खोली?"

"ती ताईंची देवाची खोली. त्या मौनात असतात," धाकटी म्हणाली. "तिथे आम्ही कुणी पाऊल ठेवत नाही." एकतीसदा ठेवलं होतं. "ताई म्हणजे काय सांगू, बोलण्यात सुद्धा शक्ती वाया घालवत नाहीत."

सेक्रेटरी हसले. भावोजी हसले. आमचे हे पण हसले, त्यांना ते उशिरा कळलं तरी.

"ठीक आहे, राहू दे," तपासनीस बाई म्हणाल्या. मग त्यांनी दाराकडे बघून विचारलं, "मावशी, यंत्रासाठी जिन्याखालची जागा लागेल म्हणतात. तुमची काही अडचण?"

"छे, तिची कसली अडचण," धाकटी म्हणाली.

"मी त्यांना विचारतेय."

मावशीनं काटा दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "माझं काय बाई. कागदावर जे आहे ते आहे. मीच लिहिलंय."

मी उठले. गुडघा धरून उठावं लागतं मला, वेळ लागतो. दार उघडलं, बाहेरचे सगळे वळून बघायला लागले. मी परत आत गेले, चादर ओढली, वरचं खोकं उचललं आणि बाहेर येऊन मावशीपुढे ठेवलं.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मग खोक्याकडे. सुतळी घातली, आकड्याला लावलं, काटा डोळ्यांसमोर धरला आणि वजन सांगितलं. तपासनीस बाईंनी वही उघडली. मी दुसरं आणायला वळले.

"ताई, काय करताय," धाकटी म्हणाली. "अहो, ते कचरा नाहीये. बाई, तो पुनर्वापराचा माल आहे." मग भावोजींना, "अहो, सांगा ना वहिनींना." भावोजी म्हणाले, "वहिनी, नऊ वाजू द्या, मग बोलू." जसं काही मीच बोलत होते.

सातव्या खोक्याला आमचे हे उठले आणि माझ्या हातातून खोकं घेतलं. मला वाटलं परत आत ठेवतात. त्यांनी मावशीला नेऊन दिलं. "हिचा गुडघा दुखतो," ते सेक्रेटरींना म्हणाले, काही तरी म्हणायला हवं म्हणून.

प्रत्येक खोक्यावर धाकटीचं नाव आणि आमचा पत्ता छापलेला होता. तपासनीस बाई तारखासुद्धा लिहून घेत होत्या. पंचविसावं खोकं लागलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले.

"ही कुणाची?" बाईंनी मला विचारलं. उत्तर वहीत होतंच, तरी विचारलं.

"आमची," मी म्हणाले. "महिनाभराची. मला माहीत होतं."

राहिलेली सहा मोजून होईपर्यंत सेक्रेटरी जिना उतरून गेले होते. आदर्श घर तिसऱ्या मजल्यावरचं कुठलं तरी ठरलं, जिथले लोक मुळात महिनाभर बाहेरगावी होते आणि ज्यांचा कोरा कागद तोवर कुणी धरला नव्हता. त्यांच्याकडे योजनाच नव्हती, त्यामुळे यंत्र यायचं राहिलं आणि जिन्याखालची खोलीही राहिली. सेक्रेटरींनी फळ्यावर तसं लिहिलं. "सध्या" हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला.

दुपारी मावशी खोकी चपटी करून खाली नेत होती. मी म्हटलं, "मावशी, आधीच करायला हवं होतं मी हे."

"हो," ती म्हणाली. गठ्ठ्याला गाठ मारली. "पण गुडघा बरा दिसतोय तुमचा आता. उठलात."

तिच्या खाटेखाली आता पुठ्ठ्याचा जाड थर आहे. ओल वर येत नाही म्हणते.

धाकटी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. माझं मौन नऊला सुटतं, तिच्या मौनाला वेळ ठरलेली नाही. संध्याकाळी मी देवासमोर बसले तेव्हा तिच्यासाठी शब्द शोधायला बराच वेळ गेला. मग म्हटलं, तिनं एकही खोकं फाडून टाकलं नव्हतं. सगळी नीट होती, मावशीच्या उपयोगी पडली.

आज सकाळी दाराची घंटा वाजली. मावशी, काखेत भलं मोठं खोकं. वर धाकटीचं नाव.

"ताई, आलंय," ती म्हणाली. चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही. "कुठं ठेवू? देवाकडं?"

साडेआठ वाजले होते. मी बोट करून धाकटीच्या खोलीचं दार दाखवलं.